कॅम्पर लावला की घर बंद

कॅम्परची वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसली तेव्हा काहीच झालं नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. तेव्हाच ठिणगी उडाली असती, थोडा धूर निघाला असता, तर नोंदीकाकांनी जे काय समजायचं ते समजून घेतलं असतं. पण झालं उलटंच. चाकांवरच्या त्या छोट्या घरातला दिवा लागला, फ्रिज गुरगुरला, हीटरने कोमट हवा सोडली. काका अंगणात कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मग त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. जोडणी यशस्वी.' शेवटचा पूर्णविराम देतायत तोच स्वयंपाकघरात काकूंनी मिक्सर लावला, घरात कुठेतरी खट् झालं, आणि मिक्सर, पंखा, रेडिओ, कॅम्पर, सगळे एका दमात गप्प झाले.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून, हे तुम्ही केलंत का, असं विचारलं. काकांनी, मी काहीही केलेलं नाही, असं ठणकावून सांगितलं. हेच वाक्य पुढचे तीन आठवडे त्यांनी सतरा जणांना ऐकवलं, आणि दर वेळी तितक्याच खणखणीत आवाजात.

नोंदीकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या दप्तरखान्यात काढलेला माणूस, निवृत्त झाला तरी हाताची सवय जाते कुठे? घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, प्रत्येक किल्लीला बिल्ला, बागेतल्या नळाला शेवटचा वॉशर कधी बदलला त्याची तारीख. आळीतल्या पोरांनी नाव पाडलं नोंदीकाका, आणि मग पोरांचे बापही तेच म्हणायला लागले. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट जगात नोंद न ठेवता जगणारी माणसं रोजचा दिवस पार पाडतात तरी कशी, याचंच त्यांना नवल वाटे.

आता असल्या माणसाने जुना कॅम्पर का घ्यावा, हे सांगायला हवं. फिरायची हौस म्हणाल तर ती काकांना कधीच नव्हती. कारण होतं काकूंची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी भरल्या पाहुण्यांत ताई म्हणून गेली होती, "हिला काय, लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी राहायची सवयच आहे." काकू लग्नाआधी दोन वर्षं ताईकडे राहून शिकल्या होत्या. त्या दोन वर्षांचं असं मोल झालेलं त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिथल्या तिथे पिशवी उचलली आणि, तुझ्या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही, असं सांगून टाकलं. दोघी बहिणी एकाच मातीच्या. एकीने शब्द मागे घेतला नाही, दुसरीने पाऊल पुढे टाकलं नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी ताईचा फोन आला. घसरून पडले, कंबरेचं हाड जोडलंय, आता काठी धरून चालते, आठ दिवस येऊन जा. एवढंच. फोन ठेवल्यावर काकू ओट्यापाशी धुतलेलीच वाटी पुन्हा पुन्हा धूत राहिल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, जायचं आहे, पण तिच्या घरात राहायचं नाही. हॉटेल जवळपास नव्हतं. तेव्हा काकांनी पेपरातली कॅम्परची जाहिरात कापून पुढे ठेवली. आपलं घर आपण घेऊन जायचं, तिच्या अंगणात उभं करायचं, आणि आपल्या घरात झोपायचं. शब्द मोडला नाही आणि बहीणही भेटली. काकूंनी ती जाहिरात तीनदा वाचली. संसारात आपण काही तरी डोकेबाज केलं, असं काकांना त्या दिवशी फार वर्षांनी वाटलं.

ताईने निरोप ऐकला आणि अंगणाच्या भिंतीवर कॅम्परसाठी एक सॉकेट बसवून घेतलं. काकूंची मात्र एक अट होती. ताईचं गाव उंचावर, रात्री हाडं गोठवणारी थंडी. हीटर चाललाच पाहिजे. गाडीत कुडकुडत बसले तर ताई म्हणेल आत ये, आणि मग माझी फजिती होईल. घरच्या विजेवर हीटर रात्रभर चालला तरच निघायचं, नाही तर नाही. शनिवार ठरला, आणि हातात उरले तीन आठवडे.

म्हणून ते खट् साधं नव्हतं.

पहिल्या दिवशी काकांनी मिक्सरला गुन्हेगार ठरवलं. मिक्सर लावला की मीटरखालचा मोठा ब्रेकर पडतो, मिक्सर बंद ठेवला की पडत नाही, म्हणजे उघडच होतं. काकूंचं म्हणणं, हा मिक्सर चौदा वर्षं याच घरात फिरतोय, त्याने कधी कुणाचं वाकडं केलं नाही, तुमचा कॅम्पर आला आणि आता तो बिचारा वाईट. पण काकांनी मिक्सर पिशवीत घातला आणि दुरुस्तीला नेऊन टाकला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांनी तो परत दिला, यात काहीच बिघाड नाही असं सांगितलं, आणि उगाच आलाय तर साफ करून दिलाय म्हणाला. त्यानंतर तो मिक्सर जो घरघरायला लागला तो आजतागायत घरघरतोय.

मिक्सर गावाला गेलेला असताना काकूंनी इस्त्री लावली. खट्. मग वॉशिंग मशीन लावलं. खट्. मग कहर म्हणजे कुणी काहीच लावलं नव्हतं, काका-काकू दोघंही व्हरांड्यात चहा पीत बसले होते, आणि तरीही खट्. काकांच्या वहीत लिहिलं गेलं, 'पाच वाजून बावीस मिनिटे. कोणीही काहीही केलेले नाही.' खरं तर आत घरचा फ्रिज आपण होऊन सुरू झाला होता, पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं? काकांना मात्र घाम फुटला. ज्याला कारण नाही आणि कागद नाही, अशा गोष्टीची त्यांना फार भीती वाटे.

मग आळी मदतीला धावली. मदतीला धावलेल्या आळीपासून वाचवणारा देव अजून जन्मायचा आहे.

सगळ्यात आधी आले टेलिफोनवाले. हे पलीकडच्या घरात राहणारे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड हा लूज कॉन्टॅक्ट असतो. माणसाचा गुडघा दुखला तरी ते तसंच म्हणत. त्यांनी कॅम्परच्या अंगावर तीन ठिकाणी मुठीने ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. दिवे लागलेलेच राहिले. आता बघा, असं म्हणून ते समाधानाने मागे सरले, आणि काकूंनी आतून वॉशिंग मशीन लावून त्यांचं समाधान संपवलं.

मग समोरच्या वहिनी आल्या. त्यांचं म्हणणं वायरचं होतं. ही एवढी लांब वायर अशी वेटोळं करून ठेवली की गरम होते, त्यांच्या भावाच्या दुकानात एकदा अशीच वितळली होती. यात तथ्य होतं, कारण वेटोळं हाताला खरोखरच गरम लागत होतं. काकांनी तीस मीटर वायर पूर्ण उलगडली. अंगण पुरेना, म्हणून ती फाटकाबाहेरून वळवून परत आत आणली. त्या दिवशी पोस्टमन त्यात अडखळला, दूधवाला अडखळला, आणि तिसऱ्या खेपेला स्वतः नोंदीकाका इतके सपाट पडले की त्यांचा चष्मा शेजारच्या कुंडीत सापडला. वायर गार राहिली, ब्रेकर मात्र पडतच राहिला. वहिनी म्हणाल्या, निदान एक धोका तरी टळला, आणि ते खरंच होतं. पण धोका टळल्याचा आनंद मानायला काकांच्या गुडघ्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी चंग बांधला. दप्तरखान्यात हरवलेली फाइल शोधायची एकच रीत असते. सगळी फडताळं रिकामी करायची आणि एकेक गठ्ठा परत लावायचा. तीच रीत त्यांनी कॅम्परला लावली. आधी हीटर काढला, क्रमांक एकची चिठ्ठी लावून व्हरांड्यात ठेवला. ब्रेकर पडला. फ्रिज काढला, क्रमांक दोन. पडला. पाण्याचा पंप, छताचा पंखा, बॅटरी चार्ज करायची पेटी, तीन दिवे. सगळं व्हरांड्यात ओळीने, चिठ्ठ्यांसकट. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला, आत आला, आणि त्याने क्रमांक दोनची किंमत विचारली. हे विक्रीला नाही असं काकांनी सांगितल्यावर तो म्हणाला, मग चिठ्ठ्या कशाला लावल्यात? या प्रश्नाचं उत्तर काकांपाशी होतं, पण ते समजून घेण्याची त्या माणसाची लायकी नाही असं वाटून ते गप्प बसले.

शेवटी कॅम्परमध्ये भिंती आणि गाद्या एवढंच उरलं. काकांनी श्वास रोखून वायर जोडली. काकूंनी परत आलेला मिक्सर लावला. खट्.

रिकाम्या डब्याने घर बंद पाडलं होतं. काका पायरीवर बसले. एरवी काकू अशा वेळी टोमणा मारतात. त्या दिवशी त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की जमत नसेल तर राहू द्या, मी ताईला कळवते. कळवते म्हणताना त्यांचा आवाज जरा घसरला. त्या ताईसाठी स्वेटर विणत होत्या, हे काकांना ठाऊक होतं. विणत असल्याचं त्या कबूल करत नव्हत्या, हेही ठाऊक होतं. काका उठले आणि म्हणाले, शनिवारी निघायचं म्हणजे निघायचं. असं ते बोलले खरे, पण पुढे काय करायचं याचा त्यांना गंधही नव्हता.

टेलिफोनवाल्यांनी आता नवीन निदान काढलं. घराचं वीज कनेक्शनच अपुरं आहे, वीज कार्यालयात जाऊन भार वाढवून घ्या. काका गेले. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला एकतीस वर्षं बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला की त्याचं काय होतं, ते तिथे पाहायला मिळालं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, हे जे जोडायचं आहे ते वाहन आहे की वास्तू? काका म्हणाले, चाकं आहेत. बाई म्हणाल्या, मग वाहन, आणि वाहनासाठी घरगुती भार वाढवून मिळत नाही. काका म्हणाले, पण आत गादी आहे, शेगडी आहे. बाई म्हणाल्या, मग वास्तू, आणि वास्तू असेल तर बांधकामाचा परवाना जोडा. मग त्यांना काकांची दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं की चाकं काढून विटांवर ठेवली तर विचार करता येईल. काका म्हणाले, बाई, मला ती चालवत न्यायची आहे. त्यावर बाईंनी, मग वाहन, असं म्हणून अर्ज परत दिला. उत्तर नियमाला धरून होतं आणि काकांना ते मनापासून पटलं, याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

काका परत आल्यावर टेलिफोनवाल्यांनी शेवटचा उपाय काढला. तो ब्रेकरच मधून काढून टाका, सरळ तार जोडा, म्हणजे पडायला काही उरणारच नाही. खरं सांगायचं तर काकांचा हात पेचकसाकडे गेला होता. अडलेला माणूस काय करणार नाही? पण काकू मध्ये आल्या. म्हणाल्या, "मला ताईकडे जायचंय, वर नाही." टेलिफोनवाले चहा न घेताच गेले.

गुरुवारी, म्हणजे निघायच्या दोन दिवस आधी, काकूंनी कुणालाही न विचारता वायरमनबाईंना बोलावलं. या बाई बाजारामागच्या गल्लीत राहत, पोटरीपर्यंत बूट घालत आणि कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलत नसत. आधी का नाही बोलावलं, असं तुम्ही विचाराल. कारण काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं की एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस लागत नाही, आणि असलं वाक्य एकदा तोंडातून गेलं की ते निस्तरायला बायकोच लागते.

बाई आल्याची बातमी आळीभर झाली. टेलिफोनवाले आले, समोरच्या वहिनी आल्या, क्रमांक दोनची किंमत विचारणारा माणूसही कुठूनसा आला. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. कॅम्परमधलं सगळं बंद असताना पडतो का? पडतो. घरात काही चालू झालं की पडतो का? हो. त्यांनी मान हलवली, कॅम्परमध्ये शिरल्या, आणि गादीखालच्या छोट्या बोर्डाचं झाकण काढलं. मग आतून आवाज आला.

"हे कोणी केलं?"

सगळे वाकून पाहायला लागले. बोर्डात पितळेच्या दोन पट्ट्या होत्या. एकीवर सगळ्या निळ्या वायरी, दुसरीवर सगळ्या हिरव्या. आणि त्या दोन पट्ट्यांना जोडणारा एक तांब्याचा तुकडा, नीट कापलेला, नीट घासलेला, दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट बसवलेला. तुकड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. बाईंनी ती मोठ्याने वाचली. 'दोन पट्ट्या मोकळ्या आढळल्या. व्यवस्थित जोडून घेतल्या.' खाली तारीख. खाली सही.

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. ती सही आळीतल्या प्रत्येकाने सोसायटीच्या सूचनांखाली, हरवलेल्या मांजराच्या पत्रकाखाली आणि पाणी जपून वापरा या विनंतीखाली पाहिलेली होती. काकांना आठवलं. कॅम्पर आणला त्याच संध्याकाळी त्यांनी आतून सगळा पुसून काढला होता, बोर्ड उघडून फुंकर मारली होती, आणि बाकी सगळं एकमेकांना जोडलेलं असताना या दोनच पट्ट्या तुटक राहिलेल्या पाहून त्यांच्या जिवाला स्वस्थता लागली नव्हती. आधीच्या मालकाचं अर्धवट काम त्यांनी पुरं करून टाकलं होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं की म्हणावं, आधीच्या मालकाने. पण त्याखाली सही होती, आणि सही नाकारणं त्यांना जन्मात जमलं नसतं.

"मी," काका म्हणाले.

बाईंनी समजावून सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांचे चारदोन शब्द जास्त खर्च झाले. वीज एका वाटेने जाते आणि दुसऱ्या ठरलेल्या वाटेने परत येते. गेली किती आणि आली किती, याचा ताळा ब्रेकर सतत ठेवत असतो. हिरवी वाट, म्हणजे अर्थिंग, ही नुसती अडीअडचणीची, तिच्यातून एरवी काही जायचं नसतं. तुम्ही परतीची निळी वाट आणि ही हिरवी जोडली, म्हणून घरात काही चालू होऊन भार वाढला की परतणाऱ्या विजेतली थोडी या चोरवाटेने निघून जाते. ताळा जमला नाही की ब्रेकर पडतो. तो बरोबरच पडत होता.

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणजे ज्याच्यावर ते तीन आठवडे दात खात होते तो मीटरखालचा ब्रेकर आवक-जावक रजिस्टर सांभाळत होता. नोंद जुळेना म्हणून काम थांबवत होता. दप्तरखान्यात काकांनी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? टेलिफोनवाल्यांनी हळूच म्हणून पाहिलं की शेवटी कॉन्टॅक्टचाच प्रश्न निघाला, लूजच्या ऐवजी जरा घट्ट एवढंच. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बाईंनी तुकडा काढला, काकांच्या हातात ठेवला, सगळं परत जोडून दिलं. मिक्सर घरघरला, इस्त्री तापली, वॉशिंग मशीन फिरलं, कॅम्परचा हीटर फुरफुरला. खट् काही झालं नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, याबद्दल काका त्यांचे आयुष्यभर ऋणी राहतील.

शनिवारी ते निघाले आणि रविवारी दुपारी ताईच्या अंगणात पोचले.

ताई दारात उभी होती, काठीवर भार देऊन. घराला चार पायऱ्या होत्या, आणि त्या उतरायला डॉक्टरांनी तिला मनाई केली होती. काकू गाडीतून उतरल्या आणि पायऱ्यांपाशी जाऊन थांबल्या. ताई म्हणाली, केस पांढरे झाले की गं. काकू म्हणाल्या, तुझे काय काळे आहेत? अकरा वर्षांनंतर एवढं पुरे होतं. काकांचे साडू, म्हणजे ताईचे यजमान, मोठ्या उत्साहाने पुढे झाले आणि भिंतीवरचं नवं सॉकेट दाखवू लागले. काकांनी वायर जोडली. हीटर पहिल्या फटक्यात सुरू झाला, आत दिवे लागले, घरात टीव्ही चालू, पाण्याची मोटर चालू, आणि सगळं कसं सुरळीत. साडू म्हणाले, वा, आम्हाला वाटलं होतं तुम्ही आमचं घर बंद पाडणार. काकांनी छाती थोडी पुढे काढली. तीन आठवड्यांचा शीण त्या एका वाक्याने गेला.

दुपार टळली. ताईने दारात खुर्ची घेतली. काकूंनी अंगणात घडीची खुर्ची मांडली. मध्ये चार पायऱ्या. ताई वरून बोलत होती, काकू खालून. ताईला एका कानाने कमी ऐकू येतं हे आता कळलं, त्यामुळे काकूंना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यातला ओलावा निघून जाई. साडूंनी चहा खाली आणून दिला. काकूंनी स्वेटरची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, पण ती वर कशी द्यायची ते त्यांना सुचत नव्हतं. कुणाच्या हाती पाठवायची ती वस्तूच नव्हती. ऊन उतरायला लागलं तशी वाऱ्याला धार आली. ताई शाल ओढून घेत होती, पण उठत नव्हती. काकू हात चोळत होत्या, पण उठत नव्हत्या. थोड्या वेळाने एक आपल्या घरात जाणार, दुसरी आपल्या गाडीत, आणि असे आठ दिवस जाणार, हे काकांना लख्ख दिसलं. गाडीतून हीटरची ऊब बाहेर येत होती. कधी नव्हे तो हीटर असा उत्तम चालला होता.

काका हळूच गाडीत चढले. हीटरच्या मागे काचेचा एक बारीक फ्यूज असतो, हीटर आणि दिवे दोन्ही त्याच्यावर. आधी त्यांनी मेन स्विच बंद केला. मग फ्यूज दोन बोटांत धरला. आयुष्यात पहिल्यांदा ते चांगली चालणारी गोष्ट जाणूनबुजून बिघडवत होते. एकदा वाटलं नको. मग त्यांनी तो ओढला, सदऱ्याच्या खिशात टाकला, मेन पुन्हा चालू केला आणि अंधारातून बाहेर आले.

"गेली," ते म्हणाले.

साडूंनी काय गेलं ते पाहिलं आणि असे हसले की शेजारच्या अंगणातला कुत्रा उभा राहिला. तीन आठवडे काय करत होतात हो, असं त्यांनी विचारलं. एवढ्या वह्या भरून नोंदी केल्यात म्हणे, मग? ते स्वतः पेचकस घेऊन यायला निघाले, तेव्हा काकांनी त्यांना दारातच अडवलं. म्हणाले, हात लावू नका, धोक्याचं आहे, मलाच पूर्ण कळलेलं नाही. गुरुवारी आळीसमोर सही कबूल केली ती खरी होती. हे तर खोटं होतं, आणि तेही स्वतःच्याच अब्रूवर.

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग गाडीकडे. मग वर.

"गाडी बंद पडली ना," ताई म्हणाली. तिने काठी सरळ केली. "मग काय गारठून मरायचंय का? आत या. गाडी बिघडली म्हणून या. मी काही म्हणणार नाही."

"गाडी बिघडली म्हणूनच," काकू म्हणाल्या.

"हो बाई. गाडीच बिघडली म्हणून."

काकूंनी स्वेटरची पिशवी उचलली आणि पायऱ्या चढल्या. चौथ्या पायरीवर ताईने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. उंबरठा ओलांडताना कुणाला कुणाचा आधार होता, हे खालून काकांना नीट दिसलं नाही, कारण त्यांचा चष्मा धुरकटला होता. थंडी फार होती, असं त्यांनी साडूंना सांगितलं. रात्री जेवताना साडूंनी कॅम्परवर आणखी चार विनोद केले. काकांनी ते चारही गिळले आणि वर भात मागून घेतला. आतल्या खोलीतून दोघी बहिणींचे आवाज येत होते, एकमेकींच्या वरताण, आणि अकरा वर्षं साठलेलं सगळं एकाच रात्रीत संपवायची जणू घाई असल्यासारखे.

सकाळी काका अंगणात आले आणि सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा. हा फ्यूज इथल्या दुकानात मिळणार नव्हता, आणि तो नसेल तर परतीच्या वाटेवर रात्री थंडीत काढाव्या लागणार होत्या. त्यांनी गाडीत शोधलं, गाडीखाली शोधलं, पायऱ्यांवर शोधलं, गुडघे टेकून फरशीच्या फटीही पाहिल्या.

काकू चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. ताईची शाल त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी कप काकांच्या हातात दिला आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते काचेचं बारकं माझ्याकडे आहे. तुमचा कालचा सदरा भिजवताना सापडलं. निघायच्या दिवशी देते."

काकांनी गुडघ्यांवरची माती झटकली आणि चहाचा घोट घेतला. इतक्यात साडू दात घासत दारात आले आणि, काय हो, सापडला का बिघाड, असं त्यांनी वरूनच विचारलं. काका तोंड उघडणार तेवढ्यात काकूच वळून म्हणाल्या.

"नाही हो भाऊजी. आठ दिवस तरी लागतील म्हणतायत."